माझ्या नावावरचा आजार

जयदास गेल्याची बातमी मला आमच्या कंपनीच्या गेटवर कळली, आणि ती सांगणाऱ्या सिक्युरिटीवाल्यावर मी चक्क खेकसलो. दुपारचे चार वाजले होते, मी चहाला बाहेर पडत होतो. तो पुढे येऊन म्हणाला, "दामलेसाहेब, जयदासभाऊ ऑफ झाले." मी म्हणालो, "माहीत आहे मला. आज गुरुवार. गुरुवारी त्याचा ऑफच असतो." तळोज्यातल्या या केमिकल कंपनीच्या टाइम ऑफिसात मी बावीस वर्षं काढली आहेत. कोण आला, कोण गेला, कुणाचा ऑफ कुठल्या वारी, हे मला दुसऱ्यानं सांगावं याचाच मला राग आला. तो बिचारा हळू आवाजात म्हणाला, "तसा ऑफ नाय साहेब... वारले." मी हातातली छत्री उघडली, परत मिटली. चहाला जायचं होतं म्हणून तसाच टपरीवर गेलो, चहा सांगितला आणि तो समोर आल्यावर कळलं की आपण इथे का उभे आहोत ते आपल्याला आठवत नाही.

त्या दुपारी, सुकापूरच्या घरात कुणी नसताना, जयदासनं आपलं आयुष्य आपणच संपवलं. कसं ते मी लिहिणार नाही. ते विचारणारे पुष्कळ भेटले, आणि विचारून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं त्याची मला किळस आली. मला लिहायचंय ते त्याच्या आधीच्या तीन वर्षांबद्दल. या पुरवणीत मी एरवी जुनं पनवेल, तळी, मिठागरं असलं काहीबाही लिहितो आणि लोक ते वाचून "छान, जुन्या आठवणी" म्हणतात. हा लेख तसा नाही. हा मला लिहायला सांगितला आहे, आणि ज्यांनी सांगितला त्यांना नाही म्हणायची माझी लायकी नाही.

जयदास मूळचा गव्हाणचा. बापजाद्यांची भातशेती, थोडं मिठागर. जमीन सरकारी संपादनात गेली, मिठागर बुजलं, आणि हा आमच्याकडे मेन्टेनन्सला फिटर म्हणून लागला. मी त्याला ओळखू लागलो ते मात्र एका कागदामुळे. फौजेची एक राखीव पलटण असते. त्यातली माणसं वर्षभर आपापल्या नोकरीधंद्यात असतात आणि बोलावणं आलं की वर्दी चढवून हजर होतात. जयदास त्यातला. कायमच्या भरतीत दोनदा नापास झाला होता, एकदा उंचीत आणि एकदा धावण्यात. मग सव्विसाव्या वर्षी या पलटणीत घुसला, आणि त्यानंतर तो माणूस जो ताठ झाला तो ताठच. दरवर्षी वार्षिक कॅम्पचं पत्र आलं की ते घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहायचा. टाचा जुळवून. "दामलेभाऊ, कागुद आलाय. सही मारा." मी मुद्दाम चष्मा पुसत बसायचो, पत्र उलटंसुलटं बघायचो, "या वर्षी नाही सोडत जा, तुझ्याशिवाय पंप कोण बघणार?" म्हणायचो. तो म्हणायचा, "देशाचा काम हाय, भाऊ. पंप थांबंल."

त्याचा एक शब्द होता, "शेप वन". त्यांच्याकडे म्हणे माणसाची तपासणी पाच इंग्रजी अक्षरांत होते, ती जोडली की "शेप" होतं, आणि सगळं ठणठणीत असलं की माणूस शेप वन. जयदासनं हा शब्द तिथून उचलला आणि सगळ्या जगाला लावला. चहा चांगला झाला, शेप वन. जिताडा मासा ताजा मिळाला, शेप वन. माझी बायको आजारातून उठली तेव्हा घरी येऊन तिला म्हणाला, "वैनी, शेप वन दिसताव." ती आठवडाभर आरशात बघत होती. एकदा मी सहज विचारलं, ही पाच अक्षरं कसली रे? त्यानं बोटांवर मोजून दाखवली. कान, हातपाय, अंग, डोळे. मी म्हणालो, ही चार झाली. "आनि पैला मनाचा," तो म्हणाला, "पन त्याचा काय, ता बरा असतोच." आम्ही दोघंही हसलो. तेव्हा त्यात काही नव्हतं.

पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला तो वर्दी घालून गव्हाणच्या शाळेत जायचा. गावातला एकटा फौजी. हेडमास्तरांच्या शेजारी उभा राहून झेंड्याला सॅल्यूट ठोकायचा, आणि त्याची आई पहिल्या रांगेत, पोरांच्या पुढ्यात, खुर्चीवर बसून झेंड्याकडे न बघता त्याच्याकडे बघायची. गावातले टवाळ त्याला "अर्धा फौजी" म्हणायचे, कारण वर्षातले दहा महिने तो फिटर. तो ते हसण्यावारी न्यायचा. पण मला ठाऊक आहे, त्याला लागायचं. अर्धं का होईना, तेवढं एकच त्याच्याजवळ असं होतं जे कुणी संपादन करून नेलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर काहीतरी बिघडलं. कशामुळे, असं मला विचारू नका. तेव्हाही सगळे कारण शोधत होते, आत्ताही शोधतायत. घरात सगळं ठीक होतं. पगार वेळेवर, मुलगी हुशार, बायको सुवर्णा शिवणकाम करून चार पैसे जोडणारी. तरी हा माणूस एके दिवशी पंपाजवळ पाना हातात घेऊन वीस मिनिटं नुसता उभा राहिला. हेल्परनं हाक मारली तर "हां" म्हणाला आणि पुन्हा तसाच. त्याच्या उशिरा येण्याच्या नोंदी सुरू झाल्या, आधी पाच मिनिटं, मग वीस, मग अर्धा दिवस. अकरा वर्षांत ज्याच्या कार्डावर मी लाल खूण केली नव्हती त्याच्या कार्डावर एका महिन्यात नऊ झाल्या. मी त्याला बोलावलं, दार लावलं. तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला. मग म्हणाला, "सकाली डोले उघारले का छातीवर मिठाची गोनी ठेवल्यागत वाटतं. उठायलाच नाय व्हत, भाऊ. दात घासायचा पन भ्याव वाटतो." आणि लगेच, "पन कोनाला बोलू नका. पलटनीत कलला तर नाव कापून घरी धारतील. मग गावात कनचा तोंड दावू? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी त्याला नवीन पनवेलमधल्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेलो, इथवर मी केलं ते बरोबर केलं. पुढचं ऐका. काउंटरवर एक मुलगी होती. तिनं रजिस्टर पुढे ओढलं आणि विचारलं, "पेशंटचं नाव?" जयदासनं तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडून काहीच येईना. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्यानं काही मागितलं नव्हतं, हे मला इथे स्पष्ट लिहायचंय. नुसतं बघितलं. आणि मी, ज्यानं आयुष्यभर एकाच्या कार्डावर दुसऱ्यानं हजेरी लावली म्हणून माणसांना मेमो दिले, तो मी म्हणालो, "सुहास दामले. वय चव्वेचाळीस." मोबाइल नंबरही माझाच दिला. तिनं फाईलवर मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि दहा मिनिटांनी "दामले" अशी हाक आली तेव्हा जयदास उठून आत गेला. मला वाटलं, केवढी युक्ती केली आपण! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच.

निदान डिप्रेशनचं झालं. आजार खरा आहे, बरा होण्यासारखा आहे, गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत आणि दर महिन्याला येऊन बोलायचं, असं बाईंनी सांगितलं. गोळ्यांनी गुण आला. पण बोलायची एक अडचण निघाली, आणि ती आठवली की मला आजही झोप लागत नाही. फाईलवर दामले, आणि बोलणार गव्हाणचा जयदास. पहिल्याच भेटीत बाई म्हणाल्या होत्या, "दामले, तुमचं बालपण कुठे गेलं?" तो बाहेर येऊन घामाघूम. "त्यांना वास आला, भाऊ. माजी बोली ऐकून." मग आम्ही सराव सुरू केला. तपासणीच्या दिवशी माझ्या गाडीत बसून मी त्याला शुद्ध मराठी शिकवायचो. "मना नाही रे, मला. नाय नव्हे, नाही. नाही म्हण." तो म्हणायचा, "ना-ही." आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. पुढे पुढे तो घरूनच फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, तपासायला म्हणून. "मला झोप येत नाही. मला कशातच रस वाटत नाही." मी ऐकून मार्क द्यायचो. दहापैकी सात. दहापैकी आठ, पण "वाटत" मधला त जरा सुटा कर... ज्या भाषेत त्याला रडू आलं असतं ती भाषा मी त्याला दाराबाहेर चपलांजवळ ठेवायला लावत होतो आणि वर मार्क देत होतो.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. कॅम्पला जाताना लोखंडी पेटी न्यायची असते, पांढऱ्या रंगानं नाव घातलेली, आणि तिथे ती उघडून दाखवावी लागते. गोळ्यांचं पाकीट सापडलं तर? म्हणून कॅम्पच्या महिनाभर आधी तो गोळ्या बंद करायचा. एकदम. बाईंना न विचारता, कारण विचारणार काय? दामलेंना कसला कॅम्प? मी म्हणालो, अरे, डॉक्टरांनी बजावलंय. तो म्हणायचा, "कॅम्पचे दोन महिने काराचे हायत. दात आवलून कारतो." तिथे तपासणीत डॉक्टर विचारायचे, झोप कशी, भूक कशी, काही औषध चालू? आणि हा छाती काढून "नो सर." पहिल्या वर्षी परत आला तो निम्मा होऊन आला. गोळ्या पुन्हा सुरू, पुन्हा चार महिने माणूस माणसात. दुसऱ्या वर्षी तेच. आणि दोन्ही वर्षी त्याच्या रजेच्या अर्जावर माझी सही आहे, तारखेसकट, कारण मी माझ्या कामात फार चोख माणूस आहे.

सुवर्णाला यातलं काही माहीत नव्हतं. नवरा मिटत चाललाय हे तिला दिसत होतं. तिनं एकदा त्याला सांगून पाहिलं की सोडा ते कॅम्पचं, झेपत नाही तुम्हाला. त्यावरून दोघांचं मोठं भांडण झालं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. जयदासनं मला ते सांगितलं तेव्हा मी काय म्हणालो? "जाऊ दे, बायकांना नाही कळत." वा, सुहास दामले.

या वर्षीचं पत्र आलं. तो टेबलासमोर उभा राहिला, पण टाचा जुळल्या नाहीत. मी चष्मा पुसायला घेतला तर म्हणाला, "मस्करी नको आज." मी सही केली. गोळ्या बंद केल्यास का, विचारलं. त्यानं हो म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "पेटी रंगवली. नाव घातलं. सुकंना अजून." ती आमची शेवटची भेट, म्हणजे समोरासमोरची. कॅम्पला निघायला त्याला दहा दिवस होते.

बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याचे हवालदार कंपनीत आले. सभ्य माणूस. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले, कामावर काही त्रास, कुणाशी वाद, आणि मग, "काही आजार होता का? मानसिक वगैरे? कुठे उपचार चालू होते?" माझ्या ड्रॉवरमध्ये, त्यांच्या गुडघ्यापासून दीड हातावर, ती फाईल होती; घरी सापडेल म्हणून जयदास ती माझ्याकडेच ठेवायचा. मी म्हणालो, "माझ्या माहितीत तरी नाही." शुद्ध मराठीत म्हणालो. का म्हणालो? नंतर मी स्वतःला सांगितलं की त्याच्या वर्दीची अब्रू राखली. ते अर्धसत्य आहे. उरलेलं अर्धं हे की फाईलवर नाव माझं होतं आणि माझ्या मुलीच्या लग्नाचं बघणं चालू होतं. मुलीच्या बापाच्या नावावर अशी फाईल निघाली तर पाहुणे काय म्हणतील, हे माझ्या डोक्यात आलं. मित्र जाऊन एक दिवस झाला होता, आणि माझ्या डोक्यात पाहुणे आले.

आजार नाही म्हटल्यावर लोकांना दुसरं कारण हवं होतं, आणि ते घरातच तयार होतं. दहाव्याला गव्हाणला गेलो. कावळा पिंडाला शिवेना. एक बाई दुसरीला म्हणाली, "बायकोनी जाच केला असंल, त्याबिगर कनी असा करतो?" दबक्या आवाजात नाही, सुवर्णाला ऐकू जाईल अशा बेतानं. ती डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसली होती, मुलगी तिच्या मांडीला चिकटून. मग जयदासची आई उठली. तिनं कमरेची पिशवी सोडली, त्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि जमलेल्या माणसांपुढे धरला. गेल्या कॅम्पचा तपासणीचा कागद. "माजे पोराला काय पन झायला नवता. यो बघा. सरकारी डाक्टरनी लिवलाय. शेप वन होता माजा पोर. त्याला घरातच खाल्ला." तिनं ते सुनेकडे बघून म्हटलं. कागद हातोहात फिरला आणि माझ्यापर्यंत आला. त्याच्या नावाचा कागद, त्यावर निरोगी. माझ्या ड्रॉवरमधला माझ्या नावाचा, त्यावर आजारी. दोन्ही खोटे, आणि त्या मंडपात हे ठाऊक असलेला मी एकटा. मी कागद नीट घडी घालून म्हातारीला परत दिला.

त्याच्या पलटणीतले एक सुभेदार आले होते, साताऱ्याकडचे. परत जाताना रिक्षापर्यंत मी त्यांच्याबरोबर चाललो आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा एखाद्याला डिप्रेशन निघालं, तर तुमच्याकडे काय करतात? ते थांबले. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "कॅटेगरी खाली जाते. हत्यार देत नाहीत, हलकं काम, इलाज, मग पुन्हा तपासणी. काही परत येतात वर, काही घरी जातात. हा आला असता का, मी सांगू शकत नाही, खोटं कशाला बोलू? पण माझ्याच हाताखाली एक जण गोळ्या घेतो, आणि आम्ही सगळे त्याला वेळेवर घ्यायला लावतो." मग रिक्षात बसता बसता म्हणाले, "त्यानं आम्हाला विचारायला पाहिजे होतं. नाहीतर तुम्ही." त्यांना कळलं होतं. मी रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत तिथे उभा होतो.

तीन दिवसांनी माझ्या मोबाइलवर मेसेज आला. सुहास दामले, तुमची तपासणीची वेळ उद्या सकाळी अकरा. दर वेळी असे मेसेज मी त्याला पुढे पाठवायचो, आणि बोटानं सवयीनं त्याचं नाव शोधलंही. मग दुसऱ्या दिवशी मीच गेलो. "दामले" अशी हाक आली, मी आत गेलो. बाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही नंतर या, आत्ता दामले आहेत." मी म्हणालो, "मीच दामले. पण तुमचे दामले गेले." सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी आपल्याकडची नोंदींची फाईल उघडली आणि एका पानावर बोट ठेवलं. तिथे त्यांनी लिहिलं होतं की पेशंट दरवर्षी ठरावीक दिवसांत येणं बंद करतो आणि परत येतो तेव्हा खालावलेला असतो, कारण विचारल्यावर "गावाला गेलो होतो" सांगतो. त्या म्हणाल्या, "एक शब्द कळला असता तर मी काहीतरी वेगळं केलं असतं. गोळ्या हळूहळू कमी केल्या असत्या, किंवा जाऊच नका म्हटलं असतं." मग ती मिटत म्हणाल्या, "मला वाटायचं, हे गृहस्थ प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवतात आणि मग बोलतात. मला वाटायचं, तो आजाराचाच भाग आहे." मी निघालो तेव्हा त्यांनी पैसे घेऊ नका असं काउंटरवर सांगितलं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांच्या पत्नीला सांगा. मी आहे, त्यांना माझ्याकडे आणा."

मी सुकापूरला गेलो. सुवर्णा मशीनवर होती, कुणाचा तरी ब्लाउज. म्हातारी पलंगावर, मुलगी तिच्या उशाशी. कोपऱ्यात पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, रंग आता सुकलेला. मी ड्रॉवरमधली फाईल मशीनवर ठेवली आणि बोललो. सुवर्णानं पाय मशीनच्या पायट्यावरून काढला नाही. मला वाटलं होतं, ती रडेल, कदाचित तिला सुटल्यासारखं वाटेल. ती म्हणाली, "तीन वर्षं?" मी म्हणालो, "हो." "तुम्हाला माहीत होतं. त्या काउंटरवरच्या पोरीला माहीत होतं. आणि मी रोज रातच्याला बाजूला झोपत होते, मला नाय." मी म्हणालो, "त्याचीच इच्छा..." "त्याची इच्छा आजाराची होती, दादा. तुम्हाला तर काय नव्हतं ना झालं? तुम्ही तर शेप वन होता."

म्हातारीला मी पुन्हा सगळं सांगितलं, तिला कळेल असं. तिनं तिचा कागद काढला, फाईलशेजारी ठेवला, दोन्हींकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही. त्या पाच अक्षरांवर बोट ठेवून मला म्हणाली, "यातला मनाचा कनचा?" मी दाखवलं, पहिलं. "पैलाच?" ती म्हणाली. "मंग पैला यो इचारायचा ना कोनीतरी." मग ती सुनेकडे वळली. उठून तिनं पाण्याचा तांब्या सुवर्णाच्या मशीनजवळ नेऊन ठेवला. तिची माफी एवढीच होती, आणि सुवर्णानं ती घेतली की नाही ते मला माहीत नाही.

निघताना सुवर्णा म्हणाली, "आम्हा तिघींना सांगून काय उपयोग? दहाव्याला चारशे माणूस होतं. तुम्ही पेपरात लिहिता ना? मग लिहा. तुमच्या नावानं लिहा, तसं पण तुमचंच नाव हाय त्याच्यावर." म्हणून हे. तर गव्हाणच्या, सुकापूरच्या आणि आमच्या कंपनीतल्या मंडळींनी नीट वाचावं. जयदासला डिप्रेशन होतं. तो त्यावर उपचार घेत होता आणि त्याला गुण येत होता. दरवर्षी तो गोळ्या सोडत होता, कारण त्याला वाटायचं की हा आजार कळला तर त्याची वर्दी जाईल, आणि त्याच्या या भीतीला मी माझं नाव वापरायला दिलं. त्याच्या बायकोनं त्याला कॅम्प सोड म्हटलं होतं, आणि आम्हा सगळ्यांत तीच एकटी बरोबर होती. हवालदारांकडे जाऊन मी माझा जबाब बदलला आहे. माझ्या मुलीलाही सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, पाहुण्यांना मी बघते."

एवढ्यावर लेख संपवायचा माझा विचार होता. पण मसुदा वाचायला दिला तेव्हा सुवर्णा म्हणाली, तुमच्याकडे त्याचे आवाज आहेत म्हणता, ऐकवा. मी फोन तिच्या हातात दिला. तिनं एकेक लावला. "मला झोप येत नाही." "मला कशातच रस वाटत नाही." तिला तो आवाज ओळखू येईना. हा कोण बोलतोय, असं तिचं तोंड झालं. मग सगळ्यांत खालचा लागला. बुधवारचा, सकाळचा, तो गेला त्याच्या आदल्या दिवशीचा. सहा सेकंदांचा. "भाऊ... मना बरा नाय वाटत." हा आवाज तिनं ओळखला. तपासणीची वेळ जवळपास नव्हती, गोळ्या बंद होत्या, महिनाभर तो बाईंकडे फिरकलाही नव्हता. त्या दिवशी सराव कसला करणार होता तो? पण मला तो सरावच वाटला. त्याच्याखाली माझं उत्तर आहे. सुवर्णानं ते वाचलं, फोन मला परत दिला आणि मशीन सुरू केली. मी ते उत्तर पुसलेलं नाही, पुसणारही नाही.

"नाय नव्हे, नाही. दहापैकी चार."